आईचं बोट

१

आईने बाजारातल्या मासळीवालीला आपल्या बोटातली सोन्याची अंगठी दातांनी ओढून काढून दिली, आणि आमच्या घरात तिजोरी आणायचं ठरलं. ठरवलं अर्थातच माझ्या धाकट्या भावाने, युंगने. तो व्हँकुव्हरला असतो. हुकूम तिकडून सुटतात, ते पाळायला इकडे हाँगकाँगमध्ये मी आहेच.

मासळीवाली भली बाई. आईची चाकाची खुर्ची तिच्या दुकानाशी ठेवून मी भाजी घ्यायला वळले होते तेवढ्यात हे झालं; दुकान आवरल्यावर ती अंगठी कागदात गुंडाळून घरी घेऊन आली. "म्हातारी म्हणाली, तुझे हात बर्फात गारठलेत, हिच्याने ऊब येईल. मी कशी ठेवून घेऊ, ताई?" मी तिचे आभार मानले, आणि ही हकिकत युंगच्या कानावर घालायचा शहाणपणा केला.

"आज मासळीवालीला अंगठी दिली, उद्या रखवालदाराला बाबांचं घड्याळ देईल," तो म्हणाला. "आणि ताई, तू दिवसभर घरात करतेस काय?"

दिवसभर मी काय करत होते? आईची उजवी बाजू लुळी पडल्यापासून तिला उठवत होते, बसवत होते, पुसत होते, निजवत होते. त्यापायी नोकरी सोडली होती. चिम शा चोईतल्या एका घड्याळाच्या दुकानात मी उभं आयुष्य काढलं. माझ्या वर्षाच्या पगारात बसणार नाहीत असली घड्याळं परक्यांच्या मनगटांवर बांधली. पण हे युंगला सांगण्यात अर्थ नव्हता. त्याच्या लेखी मी घरी 'असायचे'.

आधी बँकेत गेले. लॉकरचं नाव काढताच तिथली मुलगी हसली. "रांग आहे हो. कुणी मेलं किंवा कुणी देश सोडला की एखादा रिकामा होतो. हल्ली देश पुष्कळ जण सोडतात, पण लॉकर नाही सोडत." मग एका खाजगी तळघरात गेले. तिथे गालिचा, थंड हवा आणि चिनीमातीच्या कपात चहा. भाडं वर्षाचं. युंगला आकडा सांगितला तर तो म्हणाला, "दरवर्षी एवढे? आणि आई अजून किती वर्षं..." वाक्य त्याने तिथेच सोडलं. मीही उचललं नाही.

उरली घरातली तिजोरी. यौ मा तेईच्या एका दुकानात पून नावाच्या गृहस्थांनी मला चारसहा तिजोऱ्या उघडून दाखवल्या. "दागिने आणि घड्याळं ना? मग चोरापेक्षा ओलीला भ्या," ते म्हणाले. एका तिजोरीत घड्याळ सतत फिरवत ठेवणारं छोटं यंत्र होतं. "ऑटोमॅटिक घड्याळ हातात नसलं की दोन दिवसांत बंद पडतं, म्हणून हे."

"हे मला सांगताय?" मी म्हणाले. जन्मभर मीच ते लोकांना सांगत आले होते.

युंग फोनवरून सगळं बघत होता. "यंत्र नको. बंद पडलं तर पडू दे. घालणारा आहे कोण आता?"

पैसे घेताना पूनसाहेब हळूच म्हणाले, "एक लक्षात ठेवा. पहिल्यांदा दार लावाल तेव्हा तिजोरी रिकामी लावू नका. वाटीभर तांदूळ, शकुनाच्या पैशांचं एक लाल पाकीट, एवढं तरी आत असू द्या." मी मान हलवली. आमच्याकडे हे कुणालाच सांगावं लागत नाही.

२

वडिलांच्या अस्थींच्या कोनाड्यापुढे उदबत्त्या लावायला युंग चिंगमिंगच्या सणाला आला, तेव्हा तिजोरी त्याच्याच हातून बसली. आईच्या खोलीतल्या कपाटात, तिच्या पलंगासमोर. भिंतींना वसंतातली ओल सुटली होती आणि कपाटातलं ओल शोषणारं यंत्र घुंघुं करत होतं.

मी तांदळाची वाटी आणायला स्वयंपाकघरात गेले होते. तेवढ्यात दार लागल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ आईचा. "रिकामी लावू नकोस रे!"

"बघतोय नुसतं, लागतंय का," युंग म्हणाला.

"भुकेली लावलीस तिला."

"आई, ती तिजोरी आहे. तिला पोट नसतं." तो हसला. वीस वर्षं तिकडे राहून त्याला आमच्या सगळ्याच गोष्टींचं हसू येतं. मी वाटी आणि लाल पाकीट आत ठेवलं. उशीर झाला होता खरा, पण आईच्या मनाला बरं वाटावं म्हणून.

तिजोरी दारावरच्या छोट्या काचेवर बोट टेकवलं की ठशावर उघडायची. युंगने आधी स्वतःचा अंगठा नोंदवला, मग आईच्या डाव्या हाताचं पहिलं बोट. उघडली की त्याच्या फोनवर निरोप जायचा, कुणाच्या बोटाने उघडली तेही कळायचं. जादा किल्ली त्याने आपल्या पाकिटात घातली.

"माझं बोट?" मी विचारलं.

"तुझं कशाला? उद्या काही इकडचं तिकडे झालं तर बोल तुझ्यावर नको, ताई. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

हे तो आईसमोर बोलला. आईने ऐकलं आणि खिडकीकडे पाहिलं.

मग आत वस्तू गेल्या. आईच्या लग्नातल्या ड्रॅगन आणि फिनिक्स कोरलेल्या जाड सोन्याच्या बांगड्या, मोत्यांची माळ, ती अंगठी, बाबांचं ऑटोमॅटिक घड्याळ. सगळं ठेवून झाल्यावर युंगने आईच्या डाव्या मनगटाकडे बोट दाखवलं. "आणि ते."

ते म्हणजे जेड या मौल्यवान दगडाचं कडं. आईने ते लग्नाआधी घातलं, मग हात भरत गेला आणि ते निघायचं राहिलं. आम्ही दोघं जन्मलो त्याच्याआधीपासून ते तिथे होतं. आधी फिकट होतं म्हणे, अंगावर राहून राहून हिरवं होत गेलं. युंगने त्याचा फोटो कुणा जवाहिऱ्याला दाखवला होता. तिकडे त्याला मोठं घर घ्यायचं होतं.

"ते नको," आई म्हणाली. "ते कडं नाही राहिलं आता. हात आहे तो. ते काढलंस तर हात जाईल."

"कुठे जात नाही हात. ताई, तेल आण."

मी तेल आणलं. हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, तिच्यावर तेल ओतलं. मी आईचे खांदे धरले आणि युंगने ओढलं. आई ओरडली नाही. ती फक्त माझ्याकडे बघत राहिली, त्याच्याकडे नाही, आणि त्याचा मला राग आला. कडं निघालं तेव्हा मनगटावर पांढरा वळ होता, तिथे कधी ऊनच पडलं नव्हतं.

तिजोरीचं दार लागलं. आईने डावा हात छातीशी घेतला. "लिन," ती मला म्हणाली, "आत फार काळोख आहे गं."

३

युंग परत गेला. त्यानंतर आठवडा उलटला असेल, मी आईला चाकाच्या खुर्चीतून व्यायामाच्या केंद्रात घेऊन गेले होते. फिजिओथेरपिस्ट तिच्या पायांना हिसके देत होता आणि तेवढ्यात फोन वाजला.

"घरी कोण आहे?" युंगने विचारलं.

"कुणी नाही. मी आईला व्यायामाला आणलंय."

"आई तुझ्याबरोबर आहे?"

"नाही, तिला बसस्टॉपवर सोडलीय. असं काय विचारतोस?"

"कारण आत्ताच तिजोरी उघडली. आईच्या बोटाने."

समोर आई जाजमावर आडवी होती. तिचा डावा हात पोटावर पालथा पडला होता. मी युंगला म्हणाले, यंत्र बिघडलं असेल, इतक्या लांब निरोप जायचा म्हणजे मागेपुढे होणारच. तो म्हणाला, बिघडायला ते काय चाळीतलं नळकोंडाळं आहे? मग आवाज मऊ करून म्हणाला, "ताई, काही अडचण असेल तर सांग ना मला. पैशांची वगैरे." मी फोन बंद केला.

घरी आल्यावर पाहिलं, तिजोरी बंद होती. खुर्ची कपाटाला लावली आणि आईचं बोट काचेवर टेकवलं. दोनदा लाल दिवा लागला, तिसऱ्यांदा हिरवा. सगळं जागच्या जागी होतं. मी सुटकेचा श्वास घेतला आणि घेता घेताच घड्याळाकडे नजर गेली. बाबांचं घड्याळ चालू होतं.

घड्याळं विकण्यात जन्म गेला नसता तर मला ते खटकलंही नसतं. दार उघडताना धक्का बसला आणि बंद पडलेलं घड्याळ चार ठोके चालायला लागलं, असं होतं. पण मग ते वेळ चुकीची दाखवतं. हे बरोबर दाखवत होतं. तारीखही बरोबर होती. म्हणजे ते बंदच पडलं नव्हतं, आणि बंद पडलं नव्हतं म्हणजे ते हलतं होतं, रोज, माणसाच्या हातावर असावं तसं. मी स्वतःशी कारणं काढली. खालून बसगाड्या जातात. कपाटात ओलीचं यंत्र थरथरतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं धुण्याचं यंत्र आहे. प्रत्येक कारण मी गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलं असतं तर हसले असते.

आईने डावा हात आत घातला, कड्याकडे. "दे ना."

देऊन टाकायला हवं होतं. पण दिलं असतं तर युंगला बोलायला जागा झाली असती. ताईने काढून घेतलं, ताईने विकलं. "युंगला विचारते मग देते," मी म्हणाले, तिचा हात हलकेच बाजूला केला आणि दार लोटलं. तिचा हात बराच वेळ तसाच पुढे राहिला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने विचारलं, "माझा हात कुठे ठेवलास?"

"हा काय, पांघरुणावर."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "हा नव्हे."

हात गार होता. चिमटा घेतला तर कळत नव्हता, उचलला तर तसाच पडत होता. मी तिला इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले, त्यांत नवं काही दिसलं नाही. वय झालंय, ते म्हणाले, असं होतं. मी विचारलं, एका रात्रीत? ते म्हणाले, असंही होतं. आई मध्येच म्हणाली, "काळोखात आहे तो. चाचपडतोय." तरुण डॉक्टरांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते आईचं बोट काचेवर टेकवायचं. आता मला कुणाला विचारायचं नव्हतं. कडं काढायचं आणि तिला घालायचं, मग युंगने आकाशपाताळ एक केलं तरी बेहत्तर. दिवा लाल लागला. बोट पुसलं, चोळलं, गरम पाण्यात धरलं. लाल. लाल. लाल.

पूनसाहेबांना फोन केला. "म्हाताऱ्या माणसांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात हो," ते म्हणाले. "पण कालपर्यंत उघडत होती, असं म्हणताय..." मग म्हणाले, "दार कापून देतो, पण ज्यांच्या नावावर आहे त्यांनी सांगायला हवं."

नावावर युंगच्या होती. त्याला फोन लावला, म्हटलं, पूनला हो म्हणून सांग, आईला तिचं कडं द्यायचंय.

"ताई, हे काय चाललंय तुझं?"

"तिचं बोट चालत नाही रे. हात गेला तिचा."

पलीकडे तो गप्प झाला. मला वाटलं, रडतोय. पण तो हिशेब जुळवत होता. "चालत नाही कसं?" तो म्हणाला. "आज सकाळपासून दोनदा उघडलीय की. आईच्याच बोटाने."

सकाळपासून आम्ही इस्पितळात होतो. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग घराची किल्ली तू कुणाला दिलीयस?" आणि दार कापायला त्याने नाही म्हटलं. घराचा व्यवहार उरकला की स्वतः येतो म्हणाला. तोवर कशाला हात लावायचा नाही.

५

उजवी बाजू गेली तरी आई डाव्या हाताने चमच्याने जेवायची. सांडायची, पण भरवून घ्यायची नाही. आता मी चमचा तोंडाशी नेला की ती ओठ मिटून घ्यायची. "हात येऊ दे. मग जेवते."

पेज दिली, मासा कुस्करून दिला, तिच्या आवडीची गोड तिळाची लापशी केली. ओठ मिटलेले. घरी तपासायला येणारी नर्स म्हणाली, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की, तुम्ही समजून घ्या. मी समजले. मला एवढंच हवं होतं की ती आहे तोवर ते कडं तिच्या मनगटावर परत जावं. ते एका पोलादी दाराआड, हातभर अंतरावर होतं, आणि मला मिळत नव्हतं.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दुपार टळली होती. मी तांदूळ धुवायला घेणार होते, आणि मला तांदूळ धुतल्याचा आवाज आला. सळसळ, गोल गोल, आणि प्रत्येक फेऱ्याला कड्याचा बारीक टिण. लहानपणी हा आवाज आला की संध्याकाळ झाली असं आम्हाला कळायचं. आईचं कडं भांड्याच्या काठावर वाजायचं. मी मिनिटभर तो आवाज ऐकत उभी राहिले, बरंही वाटलं. मग माझ्या हातातल्या भांड्याकडे पाहिलं. त्यात तांदूळ नव्हते, पाणीही नव्हतं.

आवाज आईच्या खोलीतून येत होता. आई पलंगावर होती, डोळे मिटलेले, दोन्ही हात पांघरुणावर निपचित. आवाज कपाटातून येत होता.

मी ओलीचं यंत्र बंद केलं. खिडकी लावली. शेजारच्या भिंतीला कान लावला. शेजारी कुणी नव्हतं. कपाटात डोकं घालून तिजोरीला कान लावला तर आत कोरड्या तांदळातून काहीतरी फिरत होतं, न थकता, कामाची सवय झालेल्या माणसासारखं. टिण. मी वाटीभर तांदूळ ठेवले होते, ते आठवलं. उंदीर असेल म्हटलं. पोलादात उंदीर, आणि त्याच्या हातात कडं! माझं मलाच हसू आलं, आणि ते हसू फार वेळ थांबेना.

त्यानंतर रोज ती वेळ झाली की तो आवाज यायचा. मी युंगला फोन तिजोरीशी धरून ऐकवला. "काय ऐकू?" तो म्हणाला. "तुला आराम हवाय, ताई. आईला कुठल्यातरी वृद्धाश्रमात ठेवू या का?"

६

त्या दिवशी बाहेर इतकं धुकं होतं की समोरची इमारत नव्हती. आईने दोन दिवस घोटभर पाण्यावर काढले होते. नर्स दुसऱ्या दिवशी नळी घेऊन येणार होती. मी कपाटाची दारं उघडी टाकून तिजोरीसमोर स्टुलावर बसले होते. का, ते विचारू नका. आवाज सुरू झाला की माझी भीती कमी व्हायची, कारण निदान तो आईचा होता.

सळसळ चालली होती. मग थांबली.

काचेखालचा दिवा हिरवा झाला. मी हात लावला नव्हता, माझे दोन्ही हात मांडीवर होते. टक् असा आवाज झाला आणि दार बोटभर पुढे आलं.

"लिन," मागून आई म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्पष्ट.

दार जड होतं, आपोआप मिटणारं. ते मी उजव्या हाताने धरून ओढलं. उघडलं की आत दिवा लागायचा, तो लागला नाही. खिडकीतल्या करड्या उजेडात निम्मंच दिसत होतं. मखमलीवर सगळीकडे तांदूळ पसरला होता आणि त्यात बोटांच्या रेघा होत्या, गोल गोल, एकावर एक. बाबांचं घड्याळ चालू होतं. कडं पार मागे होतं. आडवं पडलेलं नव्हतं, उभं होतं, कशाला टेकलेलंही नव्हतं. त्याच्या बाहेर जेवढा काळोख होता त्यापेक्षा त्याच्या आत जास्त होता.

मला तेवढंच दिसलं. त्याहून जास्त बघायचं धाडस मी केलं नाही. नजर दुसरीकडे वळवली आणि डावा हात आत घातला.

दगड उबदार होता, आत्ताच कुणी काढून ठेवल्यासारखा. मी तो मुठीत धरला आणि माझं पहिलं बोट कुणीतरी धरलं. बाजाराच्या गर्दीत मी आईचं बोट धरायचे तसं, अख्ख्या मुठीने एकच बोट. ओढलं नाही, दाबलं नाही. फक्त सोडत नव्हतं.

"आई, सोड," मी म्हणाले. मागच्या आईला म्हणाले की समोर जे होतं त्याला, ते मला माहीत नाही. पकड सुटली की मी हिसका दिला, तेही नाही. उजव्या हातातून दार निसटलं. मी कड्यासकट मागे पडले आणि तिजोरी मिटली.

७

कडं आईच्या हातात सहज गेलं. तेल लागलं नाही, पिशवी लागली नाही. मी तो हात माझ्या गालाशी धरून बसले. आधी तळव्यात ऊब आली, मग बोटं एकेक करून हलली. ती कड्याभोवती फिरली, ते खरंच आहे का बघितल्यासारखी. आईने डोळे उघडले.

"पेज आहे?" ती म्हणाली.

मी रडत रडत पेज गरम केली. तिने चमचा स्वतः धरला. सांडलं थोडं, पण वाटी संपवली. कडं वाटीच्या काठावर वाजत होतं. इतके दिवस ज्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं ते समोर चाललं होतं, आणि मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल. मला काहीतरी म्हणेल. तिने वाटी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "युंग जेवला का?"

मला हसूच आलं. "जेवला असेल," मी म्हणाले. "तो कधी उपाशी राहिलाय?"

फोन वाजला. तोच होता. "ताई, पुन्हा तिजोरी उघडली."

"हो. आईच्या बोटाने. कडं मी काढून घेतलंय, तिला घातलंय, आणि ती जेवली. काय करायचं ते कर."

"ते नाही म्हणत मी. ते मघाशी झालं." त्याच्या आवाजात राग नव्हता. "त्यानंतर उघडली, दोन वेळा. आणि नाव तुझं येतंय. ताई, तुझं बोट मी नोंदवलंच नव्हतं. तू हे कसं केलंस?"

आईच्या हनुवटीवर पेज ओघळली होती. मी फोन उजव्या हातात धरून होते, म्हणून डाव्या हाताने फडकं उचलायला गेले. फडकं जागेवरच राहिलं. डावा हात कुठे आहे ते मला कळेना. खाली पाहिलं तेव्हा तो मांडीवर दिसला, पालथा, दुसऱ्या कुणाचा तरी तिथे विसरल्यासारखा.

"ताई? ऐकतेस ना?"

आईही माझ्या मांडीकडेच बघत होती. मग तिने कपाटाकडे पाहिलं. पुन्हा माझ्या हाताकडे. तिने आपला डावा हात, कड्यासकट, हळूच पांघरुणाखाली ओढून घेतला आणि वरून पांघरूण घट्ट लपेटलं.

कपाटातून तांदळाची सळसळ सुरू झाली. गोल गोल, जरा अडखळत, नव्याने शिकल्यासारखी. या खेपेला कडं वाजत नव्हतं.